रघुनाथ कृष्ण जोशी
रघुनाथ कृष्ण जोशी ऊर्फ र. कृ. जोशी (इ.स. १९३६ - ५ फेब्रुवारी, इ.स. २००८) हे भारतीय अक्षररचनाकार, सुलेखनकार, मराठी कवी आणि डिझाइन या विषयाचे प्राध्यापक होते. मुंबईच्या जाहिरात क्षेत्रात दोन दशकांहून अधिक काळ काम केल्यानंतर ते इ.स. १९८३ मध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई (आय.आय.टी. मुंबई) येथील औद्योगिक डिझाइन केंद्रात अध्यापक झाले. इ.स. १९९६ पर्यंत त्यांनी तेथे अध्यापन केले. पुढील काळात त्यांनी राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एन.सी.एस.टी.) आणि हे केंद्र ज्यात विलीन झाले ते प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) या शासकीय अर्थसाहाय्यावर चालणाऱ्या संस्थांमध्ये भारतीय लिपींच्या संगणकीय मांडणीसाठी काम केले. विंडोज प्रणालीसोबत मिळणारा 'मंगल' हा देवनागरी टंक आणि मुक्त परवान्याखाली उपलब्ध झालेला 'रघू' हा टंक ही त्यांची सर्वांत परिचित कामे आहेत.

शिक्षण आणि जाहिरात क्षेत्रातील काम

जोशी यांचे कलाशिक्षण मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत उपयोजित कला या शाखेत झाले. त्यानंतर डी. जे. केमर या जाहिरात संस्थेत चित्रकार म्हणून आणि पुढे उल्का या संस्थेत कलादिग्दर्शक म्हणून त्यांनी काम केले. उल्कामधील त्यांची कारकीर्द इ.स. १९८३ पर्यंत चालली. वेलकमग्रुप या हॉटेलसमूहाचे नमस्काराच्या मुद्रेचे बोधचिन्ह आणि पंजाब नॅशनल बँकेचे बोधचिन्ह ही त्यांच्या या काळातील नावाजलेली कामे होत.

त्या काळी भारतातील मोठ्या जाहिरात संस्थांचा बहुतेक विचारव्यवहार इंग्रजीत होत असे. जाहिरात आधी इंग्रजीत तयार व्हायची, नंतर ती देशी भाषांत उतरवली जायची आणि तिच्या इंग्रजी अक्षरवळणाला जुळेल असा देवनागरी टंक शोधावा लागायचा. टंकांची निवड मर्यादित असल्याने मथळ्याची अक्षरे अनेकदा हातानेच काढावी लागत. देवनागरीची अक्षरे रोमन अक्षरांच्या मापात कोंबल्याने काय बिघडते, याचा रोजचा अनुभव या व्यवसायातून मिळत होता. सर्व भारतीय भाषांसाठी एक समाईक लिपी असावी या विचारातून जोशी यांनी 'देशनागरी' या लिपीचा प्रस्ताव मांडला होता. ती लिपी व्यवहारात रूढ झाली नाही. परंतु भारतीय लिपींचा एकत्रित, तौलनिक विचार करण्याची त्यांची दिशा त्यातून दिसते.

काव्य आणि सुलेखन

मराठीत मूर्त कविता, म्हणजे अक्षरांच्या दृश्य मांडणीतून अर्थ साधणारी कविता, लिहिणाऱ्या मोजक्या कवींत जोशी यांची गणना होते. लघुअनियतकालिकांच्या काळात मराठी कवितेने छापील पानाकडे नव्या नजरेने पाहिले. कोणता शब्द पानावर कोठे पडतो, अक्षर किती मोठे आहे, कोरी जागा किती सोडली आहे, यालाही कवितेत स्थान मिळाले. कवी आणि अक्षररचनाकार या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीत असल्याने जोशी यांच्या कवितेत अक्षराचा आकार आणि उच्चार यांचा संबंध विशेष दिसतो. सुलेखन ही स्वतंत्र दृश्यकला म्हणून भारतीय लिपींत रुजावी यासाठीही ते प्रयत्नशील होते.

अध्यापन

आय.आय.टी. मुंबईतील औद्योगिक डिझाइन केंद्राची स्थापना इ.स. १९६९ मध्ये झाली. आरंभी तेथे मुख्यतः वस्तूंच्या डिझाइनचे शिक्षण दिले जाई. इ.स. १९८४ मध्ये दृश्यसंवाद या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. जोशी हे त्याच सुमारास केंद्रात आले. अभियांत्रिकी, वास्तुकला आणि उपयोजित कला अशा भिन्न पार्श्वभूमींचे विद्यार्थी या अभ्यासक्रमात असत. भारतीय लिपी आणि अक्षररचना हा त्यांच्यासाठी पदव्युत्तर अभ्यासाचा व संशोधनाचा विषय ठरला, यात जोशी यांच्या अध्यापनाचा मोठा वाटा आहे.

सुलेखन हा टंकरचनेचा पाया होय, ही त्यांची भूमिका होती. या भूमिकेमागील कारण देवनागरीच्या घडणीतच आहे. देवनागरीचे वळण बोरूने लिहिताना सिद्ध झाले. रोमन लिपीच्या टाकाचा काप आणि देवनागरीच्या बोरूचा काप परस्परविरुद्ध दिशांचे असतात. त्यामुळे रेषा कोठे जाड आणि कोठे बारीक होणार, हेही दोन्ही लिपींत वेगळे ठरते. बोरू हाती न घेता नुसत्या बाह्यरेषेवरून अक्षर काढणाऱ्यास जाडी-बारकाईचा हा नियम उमगत नाही आणि त्याने काढलेल्या टंकात एका अक्षराचे दुसऱ्याशी नाते जुळत नाही. शिरोरेषेची जाडी, उभ्या दंडाचे स्थान, काना, वेलांटी व उकार यांची उंची-खोली आणि अक्षरातील पोकळ जागा यांचा हिशेब हाताला कळला, तरच तो यंत्रासाठी मांडता येतो.

देवनागरी मुद्राक्षरांचा पद्धतशीर अभ्यास महाराष्ट्रात त्यापूर्वीही झाला होता. शासकीय मुद्रण विभागाचे संचालक बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरकलेवरील त्रिखंडी इंग्रजी ग्रंथ महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने इ.स. १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. पुण्यात ल. श्री. वाकणकर यांनी लिपी आणि मुद्रण यांविषयी संशोधन केले. जोशी यांचे कार्य या परंपरेच्या पुढचे आहे. पूर्वसूरींपुढे खिळे आणि छपाईयंत्र होते. जोशी यांच्या पिढीपुढे संगणकाचा पडदा आला.

पार्श्वभूमी : खिळ्यांपासून संकेतप्रणालीपर्यंत

जोशी यांच्या पुढील कामाचे महत्त्व समजण्यासाठी देवनागरीच्या यंत्रलेखनातील अडचणी ध्यानात घेणे आवश्यक आहे. रोमन मजकुराची जुळणी शंभर-सव्वाशे खिळ्यांत होऊ शकते. देवनागरीत जोडाक्षरे, अर्धी अक्षरे आणि वर-खाली लागणारी स्वरचिन्हे यांमुळे कित्येक शेकडा खिळे बाळगावे लागत. टंकलेखन यंत्रावर तर सुमारे ९० चिन्हांची जागा असे. तेवढ्यात देवनागरी बसवताना अनेक जोडाक्षरे मोडून, हलन्त देऊन लिहावी लागली आणि अक्षरांची मापेही यंत्राच्या सोयीने ठरली. कार्यालयांतील मराठीला जे ओबडधोबड रूप आले, ते बऱ्याच अंशी या मर्यादेतून आले.

संगणक आल्यावर ही अडचण लगेच दूर झाली नाही. आरंभीच्या टंकांत २५६ स्थाने उपलब्ध असत. प्रत्येक निर्मात्याने देवनागरी अक्षरांचे तुकडे आपापल्या सोयीने त्या स्थानांवर बसवले. परिणामी एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या टंकात उघडल्यास निरर्थक चिन्हांची रांग दिसे. मजकूर हा ज्या टंकात लिहिला त्याचा बंदी होऊन राही. त्यात शब्द शोधणे, अकारविल्हे लावणे किंवा तो दुसऱ्या कार्यालयास पाठवणे कठीण होते.

यावर उपाय म्हणून भारत सरकारच्या पुढाकाराने भारतीय लिपींसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली तयार झाली आणि इ.स. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिला मानकाचा दर्जा दिला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या इ.स. १९८८ मधील आवृत्तीवर आधारलेली होती. या प्रणालींत अक्षराच्या आकाराऐवजी मूळ वर्णाला संकेतांक दिला जातो. 'क्त' किंवा 'द्ध' या जोडाक्षरांना वेगळा अंक नाही. क, हलन्त आणि त एवढेच संगणकाच्या स्मृतीत नोंदले जाते. त्यातून पडद्यावर योग्य जोडाक्षर उमटवण्याची जबाबदारी आज्ञावली आणि टंक या दोघांवर येते. म्हणून संकेतप्रणाली ठरल्यानंतरही, ती नीट वाचता येईल असा टंक तयार होईपर्यंत सामान्य वाचकाच्या दृष्टीने काम अपुरेच होते.

एन.सी.एस.टी. आणि सी-डॅकमधील कार्य

मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका केंद्रातून इ.स. १९८५ मध्ये एन.सी.एस.टी. ही स्वायत्त संस्था निर्माण झाली. ती केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या अखत्यारीत होती. आय.आय.टी.तून बाहेर पडल्यावर जोशी या संस्थेशी जोडले गेले. येथे सुधीर मुदूर आदी संगणकतज्ज्ञांसमवेत त्यांनी भारतीय लिपींच्या आकारणाची कार्यपद्धती तयार करण्यात भाग घेतला. या कामावर आधारित, मुदूर, नायक, शानभाग आणि जोशी यांचा संयुक्त शोधनिबंध इ.स. १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

आकारण म्हणजे संकेतांकांच्या क्रमावरून दृश्य अक्षरांची जुळणी करणे. 'स्थिती' हा शब्द टंकित करताना स, हलन्त, थ आणि मग ऱ्हस्व वेलांटी असा क्रम असतो. पडद्यावर मात्र वेलांटी 'स्थ' या संपूर्ण जोडाक्षराच्या आधी उमटावी लागते. 'कर्ता' या शब्दात र प्रथम टंकित होतो, पण रफार होऊन पुढील अक्षराच्या डोक्यावर जातो. मराठीत याहून एक सूक्ष्म भेद आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गुरू आणि स्वयंपाकी इतके अंतर आहे. रफार आणि ऱ्यातील आडवा र हे दोन्ही आकार टंकात नसतील आणि ते केव्हा वापरायचे हे आज्ञावलीला ठाऊक नसेल, तर अर्थाचा अनर्थ होतो. लिपीचे असे नियम भाषा आणि वळण जाणणाऱ्या व्यक्तीने सांगायचे आणि संगणकतज्ज्ञाने ते आज्ञावलीत बसवायचे, अशा सहकार्यातून हे काम उभे राहिले.

मंगल आणि अन्य टंक

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० या प्रणालीत हिंदी, मराठी इत्यादी भाषांसाठी युनिकोडची सोय झाली. तिच्यासोबत 'मंगल' हा देवनागरी टंक देण्यात आला. त्याचे टंकदिग्दर्शन जोशी यांनी केले आणि त्यात विनय सायनेकर यांचे साहाय्य होते. 'लता' (तमिळ), 'श्रुती' (गुजराती), 'तुंगा' (कन्नड), 'गौतमी' (तेलुगू) आणि 'रावी' (गुरुमुखी) हे विंडोजचे टंकही जोशी यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झाले.

हे टंक प्रामुख्याने पडद्यावर वाचण्यासाठी होते. तत्कालीन पडद्यांवर ठिपक्यांची संख्या कमी असे. अशा जाळीत शिरोरेषा एका ठिपक्याने जरी वर-खाली झाली, तरी ओळ तुटक दिसते; 'भ' आणि 'म' किंवा 'घ' आणि 'ध' यांतील फरक दोन-तीन ठिपक्यांवर अवलंबून राहतो. त्यामुळे लपेटदार सौंदर्यापेक्षा अक्षराची निःसंदिग्ध ओळख महत्त्वाची ठरली. मंगलची साधी, जवळजवळ सारख्या जाडीची वळणे या गरजेतून आलेली आहेत.

प्रणालीसोबत आपोआप मिळत असल्यामुळे मंगलचा प्रसार फार मोठा झाला. इंटरनेटवरील मराठी व हिंदी मजकूर अनेक वर्षे बहुसंख्य वाचकांनी याच टंकात वाचला. नोकरभरतीच्या हिंदी टंकलेखन परीक्षांमध्ये तर 'मंगल' हे नाव युनिकोड टंकलेखनाचे पर्यायी नाव म्हणून रूढ झाले.

रघू टंक आणि मुक्त परवाना

मंगलची मालकी मायक्रोसॉफ्टकडे आहे. त्यात बदल करून तो पुन्हा वितरित करण्याची मुभा इतरांना नाही. जोशी यांनी एन.सी.एस.टी.मध्ये तयार केलेला 'रघू' हा देवनागरी टंक मात्र 'जी.एन.यू. जनरल पब्लिक लायसन्स' या मुक्त परवान्याखाली देण्यात आला. लिनक्स प्रणालीत भारतीय भाषा आणण्यासाठी याच संस्थेने 'इंडिक्स' हा प्रकल्प चालवला होता आणि रघू टंक त्या कामाशी निगडित होता.

या दोन टंकांतील भेद जोशी यांच्या कारकिर्दीतील एक महत्त्वाचा प्रश्न समोर आणतो. लिपी ही सर्व समाजाची असते. परंतु तिचे संगणकीय रूप कोणा एकाच्या मालकीचे असू शकते. मंगलमुळे प्रसार साधला, कारण त्यामागे मोठ्या उद्योगाचे वितरण होते. रघूमुळे स्वातंत्र्य साधले, कारण तो कोणालाही अभ्यासता, सुधारता आणि वाटता येत होता. शाळा, ग्रंथालये, शासकीय कार्यालये आणि स्वयंसेवी प्रकल्प यांना परवानाशुल्काविना वापरता येतील असे मुक्त देवनागरी टंक आज अनेक आहेत. सार्वजनिक संस्थेत तयार झालेला रघू हा त्यांतील आरंभीच्या टंकांपैकी एक होय.

वैदिक चिन्हांचा संकेत

वेदपठणात उदात्त, अनुदात्त आणि स्वरित हे स्वर दाखवण्यासाठी अक्षरांच्या वर व खाली चिन्हे दिली जातात. वेगवेगळ्या वेदशाखांत आणि हस्तलिखितांत ही चिन्हे वेगवेगळी आहेत. सामवेदात तर अक्षरांच्या डोक्यावर अंकही येतात. युनिकोडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत यांतील थोडीच चिन्हे होती. सी-डॅकमध्ये असताना जोशी यांनी अलका इराणी यांच्यासमवेत वैदिक चिन्हांना संकेतांक मिळावेत यासाठीच्या प्रस्तावावर काम केले. भारत व परदेशांतील विविध अभ्यासकांच्या प्रस्तावांवर विचार होऊन, ऑक्टोबर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या ५.२ आवृत्तीत वैदिक चिन्हांचा स्वतंत्र विभाग समाविष्ट झाला. तोपर्यंत जोशी यांचे निधन झाले होते.

मूल्यमापन

जोशी यांच्या कामावर मराठी वाचकांकडून घेतला जाणारा प्रमुख आक्षेप अक्षरवळणाविषयी आहे. मंगलमधील 'ल' आणि 'श' हे हिंदी वळणाचे आहेत. महाराष्ट्रात शाळेपासून गिरवला जाणारा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श त्यात दिसत नाहीत. देवनागरी ही हिंदी, मराठी, नेपाळी, कोकणी आदी भाषांची समाईक लिपी असल्यामुळे युनिकोडमध्ये 'ल' या वर्णाला एकच संकेतांक आहे. त्याचे कोणते वळण दाखवायचे, हे टंकावर सोडलेले आहे. संपूर्ण देशासाठी एकच टंक देताना संख्येने मोठ्या भाषेचे वळण स्वीकारले गेले आणि मराठीचे वळण मागे पडले. मराठी संकेतस्थळांवर हिंदी वळणाची अक्षरे रूढ होण्यास मंगलचा सार्वत्रिक वापर काही अंशी कारणीभूत ठरला, हे नाकारता येत नाही.

नंतरच्या काही टंकांत एकाच संकेतांकासाठी दोन्ही वळणे ठेवून, मजकुराची भाषा मराठी असल्यास मराठी वळण उमटवण्याची सोय करण्यात आली. महाराष्ट्र शासनानेही वर्णमाला व वर्णलेखन यांविषयी नोव्हेंबर २००९ मध्ये शासन निर्णय काढला. नोव्हेंबर २०२२ मधील सुधारित निर्णयात देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल यांचा आग्रह धरण्यात आला. अक्षराचे वळण हा शासकीय धोरणाचा विषय होऊ शकतो, हे यातून स्पष्ट होते.

दुसरा आक्षेप मंगलच्या छपाईतील वापराविषयी आहे. पडद्यासाठी तयार केलेला हा टंक पुस्तके, निमंत्रणपत्रिका आणि फलक यांवरही सर्रास वापरला गेला. तेथे त्याचे वळण रुक्ष दिसते आणि ओळींमधील अंतर अनावश्यक मोठे राहते. हा दोष मात्र टंकाच्या हेतूबाहेरील वापराचा आहे. दीर्घकाळ दुसरा सुलभ पर्याय नसल्याने तो वाढला.

या मर्यादा लक्षात घेऊनही, सुलेखनाचे ज्ञान संगणकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नेऊन दोहोंचा मेळ घालणे हे जोशी यांचे मुख्य योगदान मानले जाते. मराठीत लिहिलेला मजकूर कोणत्याही यंत्रावर उघडावा, वाचता यावा, शोधता यावा आणि दुसऱ्याकडे जसाच्या तसा पोहोचावा, ही आज गृहीत धरली जाणारी सोय अशा कामातून शक्य झाली. मराठीतील ऑनलाइन ज्ञानकोश, वृत्तपत्रांची संकेतस्थळे आणि शासनाचे ऑनलाइन निर्णय यांचा आधार हीच सोय आहे.

निधन

५ फेब्रुवारी, इ.स. २००८ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे जोशी यांचे निधन झाले. त्याच वर्षी आय.आय.टी. मुंबईच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात 'टायपोग्राफी डे' ही अक्षररचनेवरील परिषद प्रथम भरली. पुढे ती देशातील व परदेशांतील अन्य संस्थांमध्येही भरू लागली. भारतीय लिपींतील टंकरचना हा विषय आता अनेक डिझाइन संस्थांत शिकवला जातो.